गाडी स्लोला लंगडते म्हणून टर्बो उतरवू नका

मागच्या गळीत हंगामात आमची उसाची गाडी, सहा सिलिंडरांचा जुना ट्रक, कारखान्याच्या गाडीतळावर रात्रभर नंबराची वाट बघत उभी होती. पहाटे ड्रायव्हरनं सेल्फ मारला. एरवी लगेच उचलणारं इंजिन दहा-बारा सेकंद नुसतं फिरलं, मग पांढरा धूर ओकत चालू झालं आणि स्लोला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू ठेवल्यावर, लंगडायला लागलं. केबिनचा आरसा इतका थरथरत होता की मागची गाडी दिसेना. ड्रायव्हरचा फोन आला, "अण्णा, गाडी स्लोला लंगडतीया बघा. रेस दिली की सरळ हुतीया, सोडली की पुन्यांदा तेच." ऊस उतरवून गाडी दुपारी एका गॅरेजला गेली आणि संध्याकाळी निरोप आला की टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, गेलाय, उतरवावा लागेल. हंगाम ऐन भरात होता, एक दिवस गाडी उभी राहिली तरी हप्ता अंगावर येतो. मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

टर्बोला काहीच झालेलं नव्हतं. दोष निघाले दोन: जोडात बसणारी तांब्याची एक चकती, म्हणजे वायसर, आणि सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारं एक नोझल. ते कसे सापडले हे सविस्तर सांगतो, कारण सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात अशा जुन्या टर्बो गाड्या अजून भरपूर चालतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा एका गाडीवाल्या मालकांच्या आहेत. चुकीच्या निदानाचा खर्च त्यांना सगळ्यात जड जातो.

मी बोलतोय ती गाडी म्हणजे पाइपांतून नोझलला डिझेल पुरवणारा मेकॅनिकल पंप असलेली. बंगळूरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी १९५१ साली सुरू झाली, तिच्या नावाची अक्षरं जोडून झालेला हा 'मायको' पंप. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, पण आपल्याकडे पंप अजून मायकोच आहे. एप्रिल २०१७ मध्ये भारत स्टेज ४ हा धुराचा नियम देशभर लागू झाला, त्यानंतरच्या बहुतेक मोठ्या गाड्या कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच सामाईक, फार जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या. त्यांना खाली सांगितलेली नटा-पान्याची परीक्षा अजिबात लावायची नाही. का, ते पुढे येईल.

स्लोला इंजिन काय करतं

शेतावरचं एक सिलिंडरचं इंजिन सगळ्यांनी ऐकलेलं असतं, कूपरचं असो की किर्लोस्करचं. धक्, धक्, धक्. प्रत्येक स्फोट वेगळा ऐकू येतो. ट्रकच्या सहा सिलिंडरांत हेच होतं, फक्त सहा धक्के एकामागोमाग इतके जवळ येतात की कानाला एकसंध गुरगुर लागते.

हिशेब सोपा आहे. स्लो मिनिटाला ७०० फेऱ्यांचा धरा. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ३५० वेळा. सहा सिलिंडर मिळून २१००, म्हणजे सेकंदाला ३५ धक्के. त्यातला एक सिलिंडर गप्प बसला की दर सहाव्या ठोक्याला खड्डा पडतो. आपण ज्याला लंगडणं किंवा मिसिंग म्हणतो ते हेच.

आता हा सिलिंडर गप्प का बसतो? डिझेल इंजिनात प्लग नसतो, ठिणगी नसते. पिस्टन हवा सतराएक पट दाबतो, त्या दाबानं हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारतं. फवारा हवेला भेटला की पेटतो. म्हणजे गोष्टी तीनच लागतात: हवा नीट दाबली गेली पाहिजे, डिझेल मोजून आणि वेळेवर आलं पाहिजे, आणि त्याचा फवारा झाला पाहिजे, थेंब नव्हे.

स्लोला एका वेळी किती डिझेल जातं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. उभ्या गाडीनं तासाला दीड लिटर खाल्लं असं धरू. तासात धक्के झाले १,२६,०००. दीड लिटरला त्यांनी भागलं तर एका धक्क्याच्या वाट्याला साधारण १२ घनमिलिमीटर येतात. डोळ्यात औषध घालायच्या ड्रॉपरचा एक थेंब ५० घनमिलिमीटरच्या आसपास असतो. त्याचा चौथा हिस्सा! भरलेली गाडी घाट चढताना हेच माप पाच-सहा पट असतं. म्हणून एखाद्या नोझलनं तीन घनमिलिमीटर कमी दिलं तर घाटात ते कळतसुद्धा नाही, पण स्लोला तो पाव वाटाच गेला. ड्रायव्हर म्हणाला होता की रेस दिली की सरळ होते, त्याचं कारण हेच. दोष गेलेला नसतो, मोठ्या मापात बुडालेला असतो.

आणि याच कारणानं स्लोचा स्क्रू पिळून फेऱ्या वाढवणं हा इलाज नव्हे. ७०० वरून ९०० केलं की थरथर कमी होते, मालक खूश होतो, दोष जागच्या जागी राहतो आणि उभ्या गाडीला डिझेल जास्त लागतं.

मग टर्बोचा संबंध किती

टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. पूर्ण लोडला त्याची चाकं मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतात. पण स्लोला धूरच एवढा कमी आणि थंड असतो की टर्बो नुसता रांगत असतो, बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब, जवळजवळ शून्य. इंजिन त्या वेळी बिनटर्बोच्या इंजिनासारखंच स्वतःच्या ताकदीनं हवा ओढत असतं. जो कामावरच नाही, त्याच्यावर कामचुकारपणाचा आरोप कसा करायचा?

टर्बो खराब झाला किंवा त्याच्यापुढचा रबरी होज फाटला तर ते खंबाटकीत कळतं. ओढ लागत नाही, मागं काळा धूर, शिट्टीचा आवाज बदललेला. पण तीच गाडी वर जाऊन उभी करा, स्लोला अगदी शांत गुरगुरेल. पेट्रोल गाडीत इनटेकला, म्हणजे हवा आत नेणाऱ्या पाइपाला, बारीक भोक पडलं की स्लो बिघडतो, त्यामुळे गोंधळ होतो. या जुन्या डिझेल इंजिनाच्या इनटेकला गळा आवळणारी झडप नसते, तिथं थोडी जास्तीची हवा शिरली तरी स्लोला फरक पडत नाही.

टर्बो स्लोला एक गोष्ट मात्र दाखवतो. सील झिजला असेल किंवा एअर फिल्टर चोंदलेला असेल तर ऑइल आत ओढलं जातं आणि बराच वेळ उभ्या चालू गाडीतून निळसर धूर येतो. तेव्हा टर्बोकडे जरूर बघा. पण त्याआधी एअर फिल्टर काढून झटका. टर्बोचा शाफ्ट बोटानं हलवून "प्ले आहे, गेला" म्हणणाऱ्यालाही एक विचारा: आडवा थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, ऑइल नसताना असतोच. चाकाच्या पात्या घराला घासल्याचे ओरखडे आहेत का? ते असतील तर गेला.

भारत स्टेज ३ च्या काही गाड्यांत ईजीआर असतो, म्हणजे जळका धूर थोडा परत इंजिनात सोडणारी जोडणी. त्याचा व्हॉल्व उघडा अडकला तर जळका धूर पुन्हा आत जातो आणि स्लो बिघडतो. गाडीला तो असेल तर एकदा उघडून काजळी साफ करून घ्या.

पाना उचलायच्या आधी

माधवनगरकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे मी गाडी नेली. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरला पाच मिनिटं नुसते प्रश्न विचारले. कधीपासून? सकाळी जास्त की दिवसभर सारखंच? डिझेल कुठं भरलं? मागच्या आठवड्यात गाडीला कुणी हात लावला? या शेवटच्या प्रश्नावर ड्रायव्हर म्हणाला, "मामा, डिझेल फिल्टर बदलला की आठ दिसामागं." मामांनी मान हलवली, बोलले काही नाही.

या प्रश्नांमध्ये अर्धं निदान असतं. रात्रभर उभी राहून सकाळी त्रास देते आणि फिल्टर नुकताच बदललाय, तर डिझेलमध्ये हवा शिरत असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. टाकी भरल्यावर त्याच दिवशी सुरू झालं तर डिझेलमध्ये पाणी किंवा घाण. तासभर नीट चालून मग धाप लागते आणि टाकीचं झाकण उघडताना फुस्स होतं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. थंड असताना लंगडते आणि गरम झाल्यावर सुधारते, तर नोझल किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं. गरम झाल्यावर उलट बिघडते, तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व दाबून उघडणाऱ्या भागाची फट, घट्ट आहेत का ते बघायचं.

धुराचा रंगही बोलतो. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. पांढराच, पण वाफेसारखा, थोडा गोडसर वासाचा आणि गरम झाल्यावरही न थांबणारा असेल तर कूलंट, म्हणजे रेडिएटरचं पाणी, जळतंय, इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधल्या हेड गास्केटकडे बघा. स्लोलाच काळा धूर असेल तर नोझल थेंब सोडतंय.

आणि एक तपासणी अशी की ती सगळे विसरतात: इंजिन लंगडतंय की नुसतं हलतंय? इंजिन ज्यांवर टेकतं ते फाउंडेशनचे रबर बसले असतील तर तंदुरुस्त इंजिनही केबिन हलवून सोडतं. आवाज ऐका. ठोके एकसारखे असतील आणि फक्त थरथर असेल तर खाली वाकून रबर बघा, पंपाच्या मागं लागू नका. हवेच्या टाकीत प्रेशर भरत असतानाही कंप्रेसरचं ओझं इंजिनावर असतं. मीटर भरून फुस्स झालं की मगच स्लो कसा आहे ते ठरवायचं.

सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून मिसिंग ओळखायची जुनी पद्धत टर्बो गाडीत फारशी चालत नाही. सहा सिलिंडरांचे धक्के टर्बोच्या चाकातून जाताना मवाळ होतात. हाताला लागतं त्यापेक्षा कानाला जास्त कळतं.

डिझेलमधली हवा

उसाचा रस स्ट्रॉनं पिताना स्ट्रॉला वर एक बारीक भोक असेल तर रस बाहेर सांडत नाही, उलट हवा आत शिरते आणि तोंडात फेस येतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी म्हणजे हीच स्ट्रॉ. फीड पंप तिथून डिझेल ओढत असतो, त्यामुळे त्या भागातली गळती ओली दिसत नाही. तुम्ही सगळ्या नळ्या पुसून बघाल, सगळं कोरडं, आणि तरी हवा शिरत असेल. फीड पंपाच्या पुढची बाजू दाबाखाली असते, तिथली गळती डिझेलच्या डागानं लगेच कळते.

हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही. मुख्य पंपातल्या एलिमेंटनं (प्रत्येक सिलिंडरचा छोटा दट्ट्या) ढकललेल्या डिझेलमध्ये बुडबुडा असेल तर आधी तो बुडबुडाच चेपतो, नोझल उघडण्याइतका दाब उशिरा येतो किंवा येतच नाही. तो चौथाई थेंब तिथंच संपतो.

मामांनी हातभर लांबीची पारदर्शक नळी घेतली, टाकीकडून येणारा पाइप फीड पंपापाशी सोडवला आणि मध्ये ती नळी दोन क्लिपांनी बसवली. गाडी चालू केली. मी टॉर्च धरून बघत होतो. नळीतून पिवळसर डिझेल चाललं होतं आणि त्यात मोहरीएवढे बुडबुडे, सोड्याची बाटली फोडल्यावर येतात तसे, एकामागून एक. मध्येच एक लांब बुडबुडा यायचा आणि बरोबर त्याच्या मागोमाग इंजिन एक गचका खायचं. मी वीस वर्षं गाड्या चालवतोय, पण डोळ्यांसमोर हे पहिल्यांदा पाहिलं.

मग दुसरी परीक्षा. पाच लिटरचा स्वच्छ डब्बा डिझेलनं भरून इंजिनापेक्षा उंच ठेवला, टाकीचा पाइप बाजूला करून डब्यातून सरळ फीड पंपाला डिझेल दिलं. दोन मिनिटांत बुडबुडे थांबले. याचा अर्थ फीड पंपापासून पुढं ठीक आहे, हवा टाकीच्या बाजूनंच येतेय. टाकीच्या बाजूला तपासायचं काय? टाकीच्या आतला ओढणारा पाइप वरच्या जोडापाशी तडकलेला, चेसीला घासून झिजलेली नळी, गाळणीच्या पेल्याचा रबर, आणि पोकळ बोल्टाच्या दोन्ही बाजूचे तांब्याचे वायसर. आमच्या गाडीला फिल्टर बदलताना टाकीकडच्या गाळणीच्या जोडावरचा वायसर जुनाच परत बसवला होता. तांबं एकदा दाबलं गेलं की त्यावर कडं उमटतं आणि ते कडक होतं, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नवा वायसर काही रुपयांत मिळतो. फिल्टरला हात लावला की सगळे वायसर नवेच टाकायचे, यात घासाघीस करू नका.

हवा काढायची रीत बहुतेक ड्रायव्हरांना येते, पण घाईत अर्धी होते. आधी फिल्टरच्या वरचा हवेचा स्क्रू सैल करून हँड पंप मारायचा, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की हँड पंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळायचा. मग तेच मुख्य पंपावरच्या स्क्रूला. एवढ्यानं बहुधा गाडी उचलते. नाहीच उचलली तर दोन-तीन नोझलांचे नट सैल करून सेल्फ मारायचा, डिझेल दिसलं की आवळायचे.

हवेबरोबर पाण्याचंही सांगून टाकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आपल्याकडच्या कित्येक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाणी ओसरल्यावर इंजिन ऑइल सगळ्यांनी बदललं, पण टाकीचा तळ सगळ्यांनी धुतला नाही. पूर नसला तरी पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आत दव धरतं. फिल्टरच्या खालच्या स्क्रूतून काचेच्या बाटलीत डिझेल काढा, अर्धा तास स्थिर ठेवा. पाणी जड असतं, तळाला वेगळा थर दिसतो. दिसला तर टाकी उतरवून धुवा, नुसता फिल्टर बदलून भागत नाही.

कुठला सिलिंडर

वायसर बदलला, हवा काढली, गाडी चालू केली. लंगडणं निम्म्यानं कमी झालं, पण गेलं नाही. इथं खूप जण फसतात. एक दोष सापडला की वाटतं, संपलं. जुन्या गाडीत दोन दोष एकत्र नांदत असतात आणि पहिला दुसऱ्याला झाकून ठेवतो.

आता प्रश्न: सहापैकी कोण काम करत नाही? थंड इंजिन चालू करून एखाद मिनिटातच एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सहा तोंडांवर बंदुकीसारखं थर्मामीटर धरलं तर जो सिलिंडर जळत नाही त्याचं तोंड बाकीच्यांपेक्षा बरंच थंड दिसतं. हात लावून बघायच्या फंदात पडू नका.

दुसरी रीत जुनी आणि खात्रीची. इंजिन स्लोला चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट १७ किंवा १९ च्या पान्यानं अर्धा-पाऊण फेरा सैल करायचा. डिझेल तिथंच बाहेर पडतं, तो सिलिंडर बंद पडतो. सिलिंडर काम करत असेल तर इंजिन लगेच दचकतं, आवाज पडतो. काही फरकच पडला नाही तर तो आधीपासूनच कामाला नव्हता. नट आवळायचा, पुढचा बघायचा.

हे करताना मामांनी मला हात लावू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. नोझल २०० ते २५० बार दाबाला उघडतं. ट्रकच्या टायरमध्ये सात-आठ बार असतात, त्यावरून समजा. सैल नटातून येणारी बारीक धार कातडीतून आत शिरू शकते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि आत डिझेल पसरत जातं. बोट, कधी हात गमवावा लागतो. असं झालं तर हळद लावून बसू नका, तासाभरात मिरजेला किंवा सांगलीला मोठ्या हॉस्पिटलात सर्जनकडे जा आणि "दाबाचं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा. नटावर जाड फडकं गुंडाळायचं, डोळ्याला चष्मा, आणि बोट धारेसमोर कधीच न्यायचं नाही. सांडणारं डिझेल तापलेल्या टर्बोवर किंवा मॅनिफोल्डवर पडलं तर भडका उडतो, म्हणून इंजिन तापलेलं असताना ही परीक्षा करायची नाही आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवायचा. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या पुढं असतो. तिथं हा नट चालू गाडीत सोडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

आमच्या गाडीचा पहिला, दुसरा, तिसरा सैल केला, इंजिन प्रत्येक वेळी मान टाकायला लागलं. चौथा सैल केला, काहीच नाही. तीच गुरगुर, तोच खड्डा. पाचवा आणि सहावा ठीक.

चौथा सापडला म्हणजे चौथ्याचं नोझल खराब, असं लगेच म्हणायचं नाही. डिझेल न देणारा पंपाचा एलिमेंट, थेंब सोडणारं नोझल, घट्ट टॅपेट, पिस्टनची झिजलेली रिंग, यातलं काहीही असू शकतं. मामांनी पाइपांची तोंडं स्वच्छ टोपणांनी झाकली आणि चौथ्याचं नोझल दुसऱ्यात, दुसऱ्याचं चौथ्यात बसवलं, खाली नवे वायसर टाकून. एका जागी जुना वायसर चिकटून राहिलेला असतो आणि वर दुसरा पडतो, त्यानं नोझल वर उचललं जातं आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. म्हणून जुना निघालाय याची टॉर्चनं खात्री करायची. पुन्हा तीच नट-परीक्षा. आता चौथा दचकला आणि दुसरा मुका झाला.

दोष नोझलबरोबर सरकला, म्हणजे नोझलच. सरकला नसता, चौथाच मुका राहिला असता, तर दोष पंपाच्या त्या लाइनमध्ये किंवा सिलिंडरमध्ये. या अदलाबदलीला फक्त चार वायसर आणि तासभर लागतो, आणि ती हजारोंचा चुकीचा खर्च वाचवते. मला सगळ्या तपासणीत ही पायरी सगळ्यात जास्त आवडते.

नोझल टेस्टरवर लावलं तेव्हा कारण दिसलं. बाकीची नोझलं ठरलेल्या दाबाला चिर्र आवाज करत चारी बाजूंनी धुकं मारत होती. हे आधीच उघडत होतं, एका बाजूचं भोक काजळीनं बुजलेलं आणि टोकाला थेंब लोंबत होता.

नोझल बरं असेल तर

दोष सिलिंडरबरोबरच राहिला तर आधी टॅपेट. टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व पूर्ण बसत नाही, दाबलेली हवा निसटते आणि पुरेशी तापत नाही. माप थंड इंजिनावरच घ्यायचं आणि तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेतलंच. कमिन्सच्या ५.९ लिटरच्या जुन्या सहा सिलिंडर 'बी' इंजिनाला इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर असतं, पण म्हणून तेच माप दुसऱ्या इंजिनाला लावायचं नाही.

टॅपेट बरोबर असूनही तो सिलिंडर मुका असेल तर कॉम्प्रेशन गेज लावायचं. आकडा किती यापेक्षा सहांत फरक किती हे जास्त महत्त्वाचं. गेज मिळेपर्यंत ऑइल भरायचं झाकण सोडवून उलटं ठेवून बघा. हलकी वाफ चालते. झाकण उडत असेल, ठोक्याठोक्यानं धूर फेकत असेल तर रिंगा झिजल्यात. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे असतील तर हेड गास्केट, पण रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडायचं.

पंप सगळ्यात शेवटी. सहाही सिलिंडर काम करतात, हवा नाही, नोझलं चांगली, तरी स्लो आपोआप वरखाली होत राहतो, म्हणजे आपण ज्याला हंटिंग म्हणतो, तेव्हा पंपातल्या गव्हर्नरच्या (फेऱ्या सांभाळणाऱ्या भागाच्या) कड्या झिजल्यात किंवा आतला रॅक, म्हणजे डिझेलचं माप कमीजास्त करणारी दांडी, अडखळतोय. पंप उतरवला की टायमिंग, म्हणजे डिझेल सुटायची वेळ, हलतं, बसवताना ते पुन्हा जुळवावं लागतं. उशिरा बसलं तर पांढरा धूर, लवकर बसलं तर खडखडाट. म्हणून पंप उतरवायचा तर तो टेस्ट बेंचवर सहाही लाइनींचं स्लोचं माप एकसारखं करून, लिहून घेऊनच परत आणायचा. "कॅलिब्रेशन केलं" एवढ्या तोंडी शब्दावर पैसे देऊ नका. कागद मागा.

आमच्या गाडीत ती वेळ आली नाही. नोझल नवं टाकलं, स्लोचा स्क्रू गॅरेजमध्ये वाढवून ठेवला होता तो इंजिन गरम झाल्यावर मीटर लावून परत पुस्तिकेतल्या आकड्यावर आणला. मामांनी त्या रात्री गाडी मुद्दाम त्यांच्याच दारात उभी ठेवली. हवा शिरण्याचा दोष खरंच गेला का, हे रात्रभर थंड झालेलं इंजिनच सांगतं. सकाळी साडेसहाला ड्रायव्हरनं सेल्फ मारला, पहिल्याच झटक्यात उचललं. आरशात मागची भिंत स्पष्ट दिसत होती. एक भरलेली फेरी झाल्यावर नोझलांचे आणि पाइपांचे नट पुन्हा एकदा कोरड्या फडक्यानं पुसून बघितले, कुठं ओल नव्हती.

ती पारदर्शक नळी आता आमच्या टूलबॉक्समध्ये असते, दोन क्लिपांसकट. शंका आली की पाच मिनिटांत लावून बघता येते. कायमची मात्र ठेवू नका. साधी पारदर्शक नळी डिझेलनं काही दिवसांत कडक होऊन तडकते, आणि मग हवा तिथूनच शिरायला लागते.